बाजेचा चौथा कोपरा

माझे मोठे भासरे माझ्याशी कधी बोलले नाहीत. जे बोलायचं ते म्हशीशी बोलले.

नवऱ्याचा मोठा भाऊ आणि धाकट्या भावाची बायको यांनी एकमेकांशी बोलायचं नाही, समोर यायचं नाही, आलंच तर एकाने भिंतीकडे पाहायचं आणि दुसरीने पदराआड जायचं, ही आमच्या पांढुर्णा-सौंसरकडची तेव्हाची रीत. तिचं कुणाला काही वाटत नसे. पण घर एक, चूल एक, आणि माणसाला कधी मीठ लागतं, कधी गरम पाणी. मग मोठे अंगणात चंद्री म्हशीसमोर उभे राहत आणि तिला सांगत, "चंद्रे, आज वरनात मीठ नाई पडलं वाट्टे." चंद्री रवंथ करत राही. आत मी कपाळावर हात मारून घेई. "चंद्रे, उद्या पऱ्हाटीत निंदन हाय, शिदोरी सकाळीच लागन." "चंद्रे, पाहुने येऊन राहिले, चार मानसं." लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मी त्या म्हशीइतका कुणाचा मत्सर केला नसेल. घरातली सगळी महत्त्वाची खलबतं तिच्याशी होत.

मी काटोलची. दहावी पास. दोन वेण्या, तोंडाला पावडर, आणि आपण या खेड्यावर फार मोठे उपकार करायला आलो आहोत असा चेहरा. त्या चेहऱ्याचा एक फोटो अजून घरात आहे. माझ्या नाती तो पाहून हसतात, आणि मी त्यांच्याहून मोठ्याने हसते. तर एके दिवशी मला राहवलं नाही आणि मी दाराआडून म्हशीच्या वतीने उत्तर दिलं, "मीठ संपलं म्हना! दुकानातून कोनी आनन तं पडन!" मोठे जागच्या जागी थिजले. मग त्यांनी चंद्रीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "दूध कमी देते, पन बोलते बराबर." संध्याकाळी मिठाचा पुडा ओट्यावर येऊन पडला होता.

मोठे हे काही त्यांचं नाव नव्हे. चार भावांतले ते थोरले, म्हणून घरचे मोठे म्हणत. पण गावातली त्यांच्याहून वीस-वीस वर्षांनी म्हातारी माणसंही त्यांना मोठेच म्हणायची. उंच, हाडकुळे, कान बाहेर आलेले. उजव्या खांद्यावर एक घट्टा होता, बैलाच्या मानेवर जुवाने पडतो तसा. तो कसला, हे मी लग्न झाल्या झाल्या माझ्या नवऱ्याला विचारलं, तर ते म्हणाले, "पावसाळा येऊ दे, दिसन."

आमचं गाव तिगाव स्टेशनकडे जाताना नाल्याच्या अलीकडे. आता नाल्यावर पूल आहे आणि संध्याकाळी पोरं त्याच्या कठड्यावर मोबाइल घेऊन बसतात. तेव्हा पूल नव्हता आणि रस्ता म्हणजे नुसती काळी माती. कापसाला आणि संत्र्याला ती माती फार मानवते, चाकाला मात्र नाही. आषाढ-श्रावणात बैलगाडी घातली की आसापर्यंत रुतायची, आणि मग आधी बैल काढावे की गाडी, हाच प्रश्न पडायचा. अशा दिवसांत अडलेली बाई, साप चावलेला गडी, तापाने फणफणलेलं म्हातारं माणूस तिगावपर्यंत न्यायचं, तिथून पॅसेंजरने पांढुर्ण्याच्या दवाखान्यात न्यायचं, तर एकच वाहन होतं. सुंभाने विणलेली बाज. तिचे चार कोपरे चार खांद्यांवर, खांद्यांवर फडक्याची चुंबळ, आणि खाली गुडघाभर चिखल.

मला वाटायचं, हे ताकदीचं काम आहे. ताकदवान माणसं तर गावात ढीगभर होती. एकेकाने सरकीचं पोतं दातात धरून उचललं असतं. पण बाजेला तेवढं पुरत नाही. चार खांदे एका उंचीचे लागतात, चार पावलं एका वेळी पडावी लागतात, आणि मुख्य म्हणजे हाक मारली की ते चौघं एका जागी सापडावे लागतात. असं घर गावात एकच होतं. माझ्या सासूबाईंना मी फोटोतच पाहिलं, पण त्या बाईने चार मुलगे एकाच मापाने कापून काढावेत तसे काढले होते. सापडण्याचं काम मोठ्यांनी केलं होतं. त्यांचा नियम असा की दिवसा कोणी कोणत्याही वावरात असो, दिवेलागणीला चौघांनी एका रांगेत जेवायला बसायचं. एकही कमी असेल तर ताट वाढायचं नाही. माझी भूक तेव्हा वयाची होती. या नियमाला मी मनातल्या मनात जी नावं ठेवली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. पण गावाला तो नियम घड्याळासारखा पाठ होता. दिवे लागले की मोठ्यांच्या घरी चार खांदे आहेत, हे नाल्यापलीकडच्या वस्तीलासुद्धा माहीत होतं.

मी पहिल्यांदा पाहिलं ते असंच जेवताना. त्या दिवशी मी पाटोडीचा रस्सा केला होता. काटोलची पोर काय चीज आहे हे सासरला दाखवायचं म्हणून दुपारपासून मसाला वाटत होते. चौघांच्या ताटात वाढलं, पहिला घास तोंडात गेला, आणि फाटकाशी हाक आली. बौद्ध मोहल्ल्यातला नामदेव उभा होता. आमच्याच वावरात कामाला यायचा.

"मोठे, कौसल्याले सकाळपासून तरास होऊन राहिला. सुईन म्हनते, दवाखाना पाहा."

मोठ्यांनी एवढंच विचारलं, "मोहल्ल्यातून वरच्या अंगानं निघाचं का नाल्याच्या?" आणि चौघांनी ताटातच हात धुतले. माझ्या रश्श्यात! ती चार ताटं मी नंतर चंद्रीपुढे नेऊन ओतली तेव्हा मला रडू आलं, आणि खरं सांगते, ते कौसल्येसाठी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं परतले. नामदेवची बायको कौसल्या आणि तिचा नवा मुलगा दोघं सुखरूप होते. येताना यांना नामदेवच्या आईने थांबवून चहा दिला होता आणि हे चौघंही तिच्या अंगणात, त्याच बाजेवर बसून तो पिऊन आले होते. गल्लीत बातमी त्यांच्याआधी पोहोचली. शेजारच्या गोदीआत्या, नात्याने आमच्या चुलत आत्येसासू, ओट्यावर वाटच पाहत होत्या.

"काहून रे, त्या मोहल्ल्यातली बाई खांद्यावर घेता, चहा पेता, अन् तसेच घरात येता?"

मोठे पायाचा चिखल खरवडत होते. ते म्हणाले, "आत्या, नाल्यात आठ पाय होते. कोनता पाय कोनाचा थे मलेच नाई समजलं, तुले काय सांगू?"

आत्या काही दिवस आमच्याकडे विरजण मागायला आल्या नाहीत. मग त्यांचं दही नासलं आणि त्या आल्या.

चौघं असे दीड दीड दिवस गायब झाले तरी आमचं काम अडत नसे, आणि यात मोठ्या बाईंचा हात होता. मोठ्या बाई म्हणजे मोठ्यांची बायको, माझी थोरली जाऊ. बुटकी, गोल, आवाज कोतवालाचा. पुरुष बाज घेऊन फाटकाबाहेर पडले की त्या लुगड्याचा काष्टा आवळून स्वतः डवऱ्यामागे, म्हणजे कोळप्यामागे, उभ्या राहायच्या आणि आम्हा तिघी जावांना तासावर तास धरायला लावायच्या. चूल एक असल्यामुळेच हे जमायचं. चार वेगळी घरं असती तर प्रत्येकाने आधी आपलं डवरणं पाहिलं असतं, आणि कोणी वाईट आहे म्हणून नव्हे. सगळं एका जागी होतं म्हणून त्यातली चार माणसं गावाला उसनी देता येत होती. हे शहाणपण मला आता सुचतंय. तेव्हा मी फक्त हाताला आलेले फोड मोजत होते आणि नवऱ्याला दाखवत होते.

हे चार भाऊ म्हणजे देवाघरची माणसं होती असा कोणी समज करून घेऊ नये. संत्र्याच्या बगिच्याला पाणी कोणी सोडायचं, कधी तोडायचं, यावरून ते विहिरीवर असे भांडायचे की तिगावच्या फलाटावर ऐकू जावं. मोठ्यांचं एकच सांगणं असे: "भांडन वावरात सोडून या. घरी आनलं तं बाज वाकडी होते." आणि ते फाटकात येऊन खरोखर वहाणा झटकायचे, चिखलाबरोबर भांडणही झडावं तसे. बाकीचे तिघंही झटकायचे. मी नवी होते तेव्हा मला हा प्रकार थोडा वेडसर वाटे.

मग एका वर्षी भांडण घरात आलं.

धाकले भाऊजी, सुरेश, यांना सौंसरकडच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. पाळीची नोकरी, दिवेलागणीला ते कधी असत, कधी नसत. आम्ही ताटं अडवून बसायचो. त्यात त्यांनी एका व्यापाऱ्याला बगिच्याचा फुलोरा पाहूनच शब्द देऊन टाकला, की यंदाची संत्री तुम्हाला. कोणाला विचारलं नाही. व्यापारी झाडं पाहायला आला तेव्हा मोठे त्याच्यासमोर म्हणाले, "बगीचा चौघायचा हाय. एकट्याचा शब्द चालत नसते." परक्या माणसासमोर असं बोलल्यावर भाऊजींचा चेहरा उतरला, आणि व्यापारी गेल्यावर चढला.

"मंग माहा चौथा हिस्सा बाजूले काढा."

चार-दोन जाणत्या माणसांना ओट्यावर बसवलं. आम्ही जावा दाराआड. मी आतून किती खूश होते! वाटणी धाकले मागत होते, वाईट तेच होणार होते, आणि एकदा एक वेगळा झाला की दुसऱ्याला वेगळं व्हायला कितीसा वेळ! मी मनातल्या मनात पडवीचा कोपरा स्वतःसाठी काढून ठेवला होता, तिथे वातीचा स्टोव्ह मांडला होता, आणि त्यावर पहिला चहा उकळून एकटीने पिऊनही टाकला होता.

मोठ्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. वाटणीला नाही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "वावर वाटा. बगीचा वाटा. ढोरं वाटा. बाज कशी वाटान, थेवढं सांगा."

भाऊजींना ते खरंच कळलं नाही, की कळून उलट बोलले, देव जाणे. म्हणाले, "बाज राहू द्या तुमच्याच जोळ. मले काय कराची?"

मोठे उठले आणि वावरात निघून गेले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. भाऊजी बायकोला घेऊन गल्लीच्या टोकाला, नाल्याजवळच्या आमच्या जुन्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहायला गेले. कागदपत्रांची वाटणी पावसाळ्यानंतर करायची ठरली.

पावसाळा काही थांबत नाही. पहिल्याच चिखलात तुकारामबुवांच्या पोटात कळा निघाल्या आणि त्यांचा मुलगा दिवेलागणीला फाटकाशी आला. घरात तिघं. चौथा म्हणून शेजारचा एक धट्टाकट्टा गडी घेतला, पण तो या तिघांहून वीतभर बुटका. ऐन नाल्यात बाज त्याच्या बाजूला कलली आणि बुवा पाण्यात. वाचले बिचारे, पोटही त्या पाण्यानेच सुधारलं असं ते पुढे सांगत फिरायचे. पण गावात हसताना सगळ्यांच्या आवाजात थोडी भीती होती. मोठ्यांच्या घरची बाज कलली, हे कोणी आजवर पाहिलं नव्हतं. बाया पाणवठ्यावर माझ्या पोटाकडे पाहायच्या आणि विषय बदलायच्या.

कारण मला तेव्हा नववा महिना लागला होता.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी. सुईणीने हात लावून पाहिलं. मग मोठ्या बाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "आडवं हाय. माह्या हातचं नाई." नाल्याला मांडीभर पाणी होतं. संध्याकाळची पॅसेंजर धरायची होती. ती चुकली तर उद्या सकाळ, आणि उद्या सकाळपर्यंत काय, हे कोणी बोललं नाही.

आता एक नवीनच पेच आला. बाजेवर मी, आणि बाज उचलणार कोण? माझा नवरा, मधले भासरे आणि मोठे भासरे. ज्या भासऱ्यांच्या सावलीतून मी बाजूला व्हायचे, ते मला खांद्यावर घेणार! त्या कळांमध्येही मला ते आठवलं, यावरून मी किती शिकलेली होते ते कळावं. मोठ्या बाईंनी मिनिटात निकाल लावला. माझ्या अंगावर पायापासून डोक्यापर्यंत चादर घातली आणि म्हणाल्या, "तू तोंड झाक. बाकीचं थे पाहतीन."

तिघांनी बाज उचलली. पुढे मोठे आणि मधले, मागे एकटा माझा नवरा, दोन कोपऱ्यांच्या मध्ये मान घालून. फाटकातून बाहेर पडलो तोच गोदीआत्यांनी ती पांढरी चादर पाहिली आणि हंबरडा फोडला, "गेली वं माय! सोन्यासारखी पोरगी गेली!"

मी चादर बाजूला केली. "अजून नाई गेली, आत्या! रस्त्यातून बाजूला व्हा!"

मला वाटलं सरळ नाल्याकडे जातील. पण मोठे गल्लीच्या टोकाला वळले आणि भाऊजींच्या दारासमोर थांबले. बाज खाली ठेवली. दाराकडे पाठ करून उभे राहिले. हाक नाही, काही नाही. दारातल्या कडुलिंबाकडे पाहून म्हणाले, "एक कोपरा उघडा हाय."

झाड काय बोलणार! आतून काही हालचाल नाही. मोठे तसेच उभे. मधले खाली पाहतायत, माझा नवरा रडकुंडीला आलाय, वर आभाळ पुन्हा भरून येतंय आणि गाडीची वेळ जातेय. मला कळ आली, आणि त्या कळेबरोबर काटोलची दहावी, सासरची रीत, चादर, पदर, सगळं कुठल्या कुठे गेलं.

"ओ मोठे!" मी ओरडले. "झाडाशी काय बोलून राहिले? आवाज द्या ना त्यायले!"

गल्लीतल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. मोठे झाडाकडेच पाहत होते. म्हणाले, "लिंबा, तिले सांग, म्या नाई बोलावत. त्याच्या मनानं येईन तं येईन. जबरदस्तीचा खांदा नाल्यात हलते."

"मंग मी बोलावते! भाऊजी! तुमचे भाऊ माह्याशी बोलत नाहीत, तुमच्याशीबी बोलत नाहीत. या दोघायच्या अबोल्यात मी मरू काय इथी? या बाहेर!"

दार उघडलं. भाऊजी दाढी करत होते. अर्धा गाल साफ, अर्ध्यावर साबणाचा फेस, कमरेला टॉवेल. मागे त्यांची बायको शीला, हातात आरसा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाजेकडे पाहिलं, भावाच्या पाठीकडे पाहिलं. टॉवेलचा काचा मारला, शीलाच्या खांद्यावरचं फडकं ओढून त्याची चुंबळ केली आणि मागचा उजवा कोपरा धरला.

बाज उचलली गेली, आणि मी पहिल्यांदाच समजले की सरळ असणं म्हणजे काय असतं. इतका वेळ मी एका बाजूला घसरत होते, सुंभाला घट्ट धरून होते. आता हात सोडले तरी चालत होतं.

नाल्यात पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत आलं. मी आकाशाकडे पाहत पडले होते. पुढून मोठ्यांचा आवाज आला, "सुऱ्या, दगड."

मागून आवाज आला, "पाहला."

थोड्या वेळाने, "खड्डा हाय. डाव्या अंगानं."

"हो."

"तिसऱ्या पावलाले उतार."

"हो, मोठे."

उन्हाळ्यापासून न बोललेल्या दोन भावांचं भांडण मिटताना मी जे ऐकलं ते एवढंच. तिगावच्या फलाटावर बाज टेकवली तेव्हा भाऊजींच्या गालावरचा फेस वाळून पांढरा झाला होता. एका हमालाने मला पाहिलं, त्यांना पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, दवाखान्यात कोनाले नेऊन राहिले, बाईले का तुमाले?" मधले भासरे हसले. मग माझा नवरा. मग मोठेही, रुळांकडे तोंड करून.

पांढुर्ण्याला डॉक्टरीणबाईंनी बरीच खटपट केली. रात्री माझी मुलगी झाली. तीच आता मला फोनवर ओरडते, की औषध वेळेवर घेत जा.

इथे कथा लिहिणारा माणूस असता तर त्याने धाकल्यांना परत एका चुलीवर आणून बसवलं असतं. तसं झालं नाही. दसऱ्यानंतर वाटणी झाली. बगीचा वाटला, ढोरं वाटली, चंद्री आमच्याकडे राहिली. धाकल्यांची चूल वेगळी झाली आणि माझी वातीच्या स्टोव्हची आशा तशीच राहिली. वाटणीच्या दिवशी मोठे काही मनाला लावून घेतल्यासारखे दिसले नाहीत. त्यांनी स्वतः दोरी धरून वावर मोजून दिलं. फक्त बाज ओसरीतून उचलून गल्लीच्या मधोमध असलेल्या पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवली. पावसात भिजू नये म्हणून वर पत्रा टाकला. बस.

पुढच्याच पावसाळ्यात एकदा नामदेव आला. त्याच्या म्हाताऱ्या बापाला पडून लागलं होतं. नेहमीची दिवेलागणीची वेळ, पण आता दारं दोन. कोणत्या दारात आधी जावं, एकाकडे आधी गेलो तर दुसऱ्याला राग येईल का, या विचाराने तो बिचारा पाराजवळच घुटमळत उभा राहिला. मी ओट्यावरून पाहत होते. इकडून मोठे बाहेर आले, उष्टा हात झटकत. तिकडून भाऊजी आले, त्यांचाही हात उष्टा. मागाहून मधले आणि माझा नवरा. कोणी हाक मारली नव्हती. नामदेव पाराजवळ उभा दिसला, एवढंच पुरलं होतं. दोन घरांत दोन वेगळ्या भाज्या होत्या त्या रात्री, आणि दोन्ही चंद्रीलाच गेल्या.

असं पुष्कळ वर्षं चाललं. मोठे गेले ते ऐन उन्हाळ्यात, बगिच्यात, संत्र्याच्या झाडाखाली पाणी पिताना. गाडीरस्ता कोरडा ठणठणीत होता. त्यांच्यासाठी बाजेचं काम पडलं नाही.

तेरवीला माणसांची रीघ लागली. सावरगाव, तिगाव, जामसांवलीकडची खेडी, बौद्ध मोहल्ला सगळाच. मी घरची सून, डोक्यावर पदर घेऊन पंगती वाढत होते, आणि रडायला वेळच नव्हता. ओसरीत म्हातारी माणसं वाद घालत होती, कोणाला कोणत्या साली नेलं ते. तुकारामबुवा सगळ्यांना सांगत होते की बाजेवरून पडलेला मी एकटाच, तो मान माझा.

जेवणं उरकली तेव्हा फाटकाशी तीन माणसं उभी दिसली. जामसांवलीच्या बाजूच्या एका खेड्यातले तीन भाऊ. त्यांचा बांधावरून कोर्टात दावा होता आणि ते सगळ्या भागाला ठाऊक होतं. मागच्या पावसाळ्यात त्यांची आई त्यांच्या गावच्या नाल्याच्या काठावरच वारली होती. तिघंही घरी होते. पण कोणी कोणाच्या दारात जाऊन हाक मारायची, हे ठरेपर्यंत उशीर झाला. आज तिघं एकत्र आले होते, एकमेकांपासून दोन-दोन हात दूर उभे.

थोरला म्हणाला, "बाज पाहाची होती."

भाऊजींना वाटलं, दर्शन घ्यायचं म्हणतायत. ते म्हणाले, "पाहा ना. पारावर हाय."

"तसं नाई," मधला खाली पाहून बोलला. "कशी उचलता, थे पाहाचं होतं. आमच्या गावाले बी नाला हाय."

भाऊजी गेले आणि बाज अंगणात घेऊन आले. तिघांना तीन कोपऱ्यांवर उभं केलं, चौथा स्वतः धरला. त्यांच्यातला धाकटा बुटका होता; त्याच्या खांद्यावर फडक्याच्या दोन घड्या जास्त दिल्या. उचलली. पहिल्याच पावलाला थोरला आणि मधला एकमेकांवर आदळले. पुन्हा उचलली, पुन्हा आदळले. कोणीतरी हसलं. गोदीआत्या म्हणाल्या, "अरे, आज तेरवी हाय का जत्रा?"

तेवढ्यात आतून मोठ्या बाई आल्या. कपाळ कोरं, आवाज बसलेला. तेरा दिवसांत त्या घराबाहेर आल्या नव्हत्या. त्यांनी थोडा वेळ त्या तिघांकडे पाहिलं.

"रिकामी बाज उचलून काय समजते?" त्या म्हणाल्या. "वजन लागते तिच्यावर. ठेवा खाली."

त्यांनी ठेवली. मोठ्या बाई बाजेवर चढल्या, पाय पोटाशी घेऊन आडव्या झाल्या आणि दोन्ही हातांनी सुंभ धरला. भाऊजी "वहिनी..." म्हणाले तर त्यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"उचला आता. मानूस हाय वरती, समजून उचला."

चौघांनी उचललं. अंगणातली माणसं मागे सरली, मी हातातलं भांडं खाली ठेवलं. ते तीन भाऊ आणि आमचे भाऊजी, तुळशीला वळसा घालून, गोठ्यासमोरून, विहिरीच्या कठड्यापर्यंत गेले आणि परत आले. फक्त पावलं ऐकू येत होती, आधी चार वेगळी, मग तीन, मग विहिरीपासून परतताना जवळजवळ एकच. थोरल्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही हात बाजेला असल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं.

ते बाज टेकवायला वाकले तसा वरून मोठ्या बाईंचा आवाज आला.

"ठेवू नका. मागचा डावा कोपरा अजून खाली हाय. आनखी एक चक्कर घ्या."